मोबाईल, छापखाना आणि विहिरीचा आकडा



मागच्या पालकसभेत मागच्या रांगेतून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "गुरुजी, घरी पोरं मोबाईल सोडीनात म्हणून शाळेत धाडतो, तर शाळेतबी मोबाईलच! मग पोरांनी शिकायचं कवा?" सगळे हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आबा, प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर मी देणार नाही. मुलांपैकी कोणीतरी लिहील आणि भिंतीवर लावील. तुम्ही वाचायला या."

ते आजोबा म्हणजे आमचेच आबा. त्यामुळे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्याकडे येण्याचे आणखी एक कारण आहे. ते लेखात पुढे येईल, मध्येच वाचून घेऊ नये.

आबांचा प्रश्न मी गुरुजींना परत विचारला, तेव्हा त्यांनी आम्हांला शंभर वर्षांपूर्वीच्या एका खेड्यातल्या शाळेची हकिकत सांगितली. तीच आधी लिहितो, कारण आमच्या वर्गात जे चालते त्याचे मूळ तेथे आहे.

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात डोंगरात बार-स्युर-लू नावाचे गाव आहे. तेथे 1920 साली सेलेस्तँ फ्रेने नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले. त्यांचा जन्म 1896 सालचा, त्याच भागातल्या गार नावाच्या लहान खेड्यातला. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले होते आणि 1917 मध्ये गोळी लागून त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती. जीव वाचला, पण दम कायमचा कमी झाला. वर्गात उभे राहून तासन् तास मोठ्याने बोलणे त्यांना जमेना. आता शिक्षकालाच बोलता येत नाही म्हटल्यावर शिकवणार कसे?

त्यांनी काय केले, तर दुपारी मुलांना घेऊन ते बाहेर पडू लागले. कधी शेतात, कधी नदीवर, कधी विणकराच्या घरी, कधी सुताराकडे. मुले बघत, विचारत, बोलत. गुरुजींना कमी बोलावे लागे. परत वर्गात आले की पुस्तक उघडायचे, आणि त्या पुस्तकात मात्र मुलांनी पाहिलेल्यापैकी काहीच नसायचे. म्हणून फ्रेने गुरुजी मुलांनी पाहिलेले, बोललेले फळ्यावर लिहू लागले. मुले ते मन लावून वाचत. पण फळा संध्याकाळी पुसावाच लागतो.

हा पुसला जाणारा फळा त्यांना खटकत होता. 1924 साली त्यांनी हाताने चालवायचे एक लहानसे छापयंत्र विकत आणले आणि वर्गात ठेवले.

मित्रांनो, छापखाना म्हणजे काय हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले नाही, कारण आता लग्नपत्रिकासुद्धा संगणकावर होतात. जुन्या छापखान्यात प्रत्येक अक्षराचा एक वेगळा खिळा असे. खिळा म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी या धातूंच्या मिश्रणाची बारीक कांडी. तिच्या डोक्यावर अक्षर उलटे कोरलेले असते, आरशात दिसते तसे. हवे ते खिळे एकापुढे एक जुळवून ओळ करायची, ओळी चौकटीत घट्ट बसवायच्या, वरून शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा आणि दाबायचे. छापून झाले की प्रत्येक खिळा पुसून परत त्याच्या त्याच्या खान्यात. एक खिळा भलत्या खान्यात गेला, तर पुढच्या वेळी "मासा" लिहायला जाल आणि "नासा" छापाल.

फ्रेने यांच्या वर्गात हे सारे काम मुलेच करीत. छापायचे काय, तेही मुलेच ठरवीत. ज्याला जे सांगावेसे वाटेल ते त्याने लिहायचे, सर्वांपुढे वाचायचे, मग हात वर करून मते घ्यायची. निवडून आलेला मजकूर फळ्यावर लिहून सर्वांनी मिळून दुरुस्त करायचा आणि मग खिळे जुळवायला घ्यायचे. त्या वर्गातल्या मुलांनी गोगलगायींची शर्यत लावली होती आणि तिच्यावर लिहिले होते, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. (आमच्या वर्गात ही गोष्ट ऐकून लगेच पैसा किड्यांची शर्यत झाली. एकही किडा शेवटच्या रेघेपर्यंत गेला नाही. असो.) छापलेली पाने प्रत्येक मूल आपल्याजवळ एकत्र बांधून ठेवी. त्याला ते जीवनाचे पुस्तक म्हणत.

आता मुख्य गोष्ट. थोड्याच दिवसांत या शाळेची जोडी दुसऱ्या एका शाळेशी जमली. ती शाळा फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतात, त्रेगं या अटलांटिक महासागराकाठच्या गावी होती. तेथे रने दानियेल नावाचे शिक्षक होते. या शाळेची छापील पाने टपालाने त्या शाळेत आणि त्या शाळेची या शाळेत जाऊ लागली. इकडे डोंगर, तिकडे समुद्र. इकडची मुले आपल्या डोंगरातले लिहीत, तिकडची किनाऱ्यावरचे.

गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मी विचारले, "गुरुजी, मग त्यात शिकणं कुठे आलं? नुसतं पत्रच की." गुरुजी म्हणाले, "काल आपण ओढ्यावर गेलो होतो, हे एका ओळीत लिही." मी लिहिले, "काल आम्ही ओढ्यावर गेलो व मजा केली." गुरुजी म्हणाले, "हे मला कळलं, कारण मी बरोबर होतो. आता हेच अशा मुलाला लिही, ज्याने आपला ओढा कधी पाहिलेला नाही." मी पेन्सिल घेऊन बसलो आणि मला कळेना की ओढा किती रुंद आहे. पाणी कोणीकडून कोणीकडे वाहते तेही नक्की सांगता येईना. मी त्या ओढ्यात चार वर्षांचा असल्यापासून डुंबतो आहे!

फ्रेने गुरुजींचे सगळ्यांना कौतुकच वाटले असे समजू नये. 1928 साली ते सेंट पॉल या गावी बदलून गेले. तेथे 1932-33 मध्ये मुलांच्या छापील मजकुरावरून मोठे वादळ उठले आणि अखेर त्यांना सरकारी शाळा सोडावी लागली. 1935 मध्ये व्हान्स या गावी त्यांनी आपली स्वतःची शाळा काढली. 1966 साली ते वारले, पण त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळा आजही पुष्कळ देशांत आहेत.

ही हकिकत ऐकून आम्हांला चेव चढला. आम्ही म्हटलं, आपणही छापखाना काढू! खिळे कोठून आणणार? म्हणून जुन्या रबरी चपला गोळा केल्या आणि त्यांच्या तळव्यातून ब्लेडने अक्षरे कापली. ब्लेड बाईंच्याच हातात होते, आम्ही फक्त आखून देत होतो. अक्षरे लाकडी ठोकळ्यांवर चिकटवली, शाईत बुडवली आणि दाबली. कागदावर सगळे आरशातले उमटले. खिळ्यावर अक्षर उलटे असते हे दोनच दिवसांपूर्वी ऐकले होते, तरी आम्ही सरळच कापले होते! परत कापले. "आमची विहीर" एवढे दोन शब्द छापायला दोन शनिवार गेले. मराठीचे काम फ्रेंचपेक्षा अवघड आहे हे तेव्हा समजले. त्यांना काना, मात्रा, वेलांटी, रफार यांची भानगड नाही, जोडाक्षरे नाहीत. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यात खिळ्यांचे खाने शेकड्यांनी असत ते यामुळेच. आम्ही कापलेल्या चपलांपैकी एक अजून वापरात होती, हेही नंतर कळले. ती कोणाची ते येथे लिहीत नाही.

तेव्हा गुरुजींनी खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हासुद्धा छापखानाच आहे आणि टपालही आहे. पण याच्यात अडचण अशी की हा फार लवकर जातो. खिळे जुळवताना विचार करायला वेळ मिळत होता. तो वेळ आता आपण वहीत काढायचा." म्हणून आमच्या वर्गाचा नियम असा झाला: आधी वहीत लिहायचे, वर्गात वाचायचे, मते घ्यायची, फळ्यावर दुरुस्त करायचे, भिंतीवर लावायचे. हे सारे झाल्यावर शनिवारी सकाळच्या शाळेत त्या पानाचा फोटो काढायचा, एकाने ते दोन मिनिटांत तोंडी सांगायचे, ते रेकॉर्ड करायचे आणि पाठवायचे. आठवड्याला मोबाईल आमच्या हातात फार तर पंधरा मिनिटे असतो, आणि त्यातली दहा मिनिटे रेंज शोधण्यात जातात. रेंज कडुलिंबाखाली येते. रेकॉर्ड करताना नेमकी शेळी ओरडते.

दुसरा नियम बाईंनी घातला. कोणाचा चेहरा पाठवायचा नाही, पूर्ण नाव पाठवायचे नाही. फोटोत वही, विहीर, पाने, फार तर हात. पत्राखाली फक्त "सातवीचा वर्ग". फोटो एकदा गेला की तो कोठे कोठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही, असे बाई म्हणाल्या. आबा, तुम्हांला ही काळजी असेल तर ती बाईंनाही आहे.

आमची जोडशाळा कोकणात समुद्रकाठी आहे. तेथले गुरुजी आणि आमचे गुरुजी डी.एड.ला एकत्र होते. तीही जिल्हा परिषदेचीच शाळा, सातवीत अकरा मुले.

येथे थोडे विषयांतर करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मोबाईलचा उपयोग होऊ शकतो हे आम्हीच पहिल्यांदा शोधले असे नव्हे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचे चौकोन लावले होते. चौकोनावर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, पाठ दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही असे चौकोन छापून आले. तुमच्या मराठीच्या पुस्तकावर पाहा. 2020 साली त्यांना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. तो चौकोन मला आवडतो. पण माझे मत विचाराल तर चौकोनातून गुरुजी आपल्याला सांगतात. फ्रेने यांच्या छापखान्यातून मुले मुलांना सांगत. दुसऱ्यात जास्त घाम येतो.

आता आमच्या विहिरीकडे येतो.

आमचा भाग अवर्षणाचा, म्हणून आम्ही विषय घेतला "शाळेजवळच्या विहिरीचे पाणी". याच विहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढते आणि वस्तीला मिळते. विहीर गोल आहे, व्यास 6 मीटर, खोली जमिनीपासून 15 मीटर. वर लोखंडी जाळी आहे, आणि बाई बरोबर असल्याशिवाय कोणीही कठड्याजवळ जात नाही. दर सोमवारी प्रार्थनेनंतर दोरी सोडायची. दोरीला टोकाशी लोखंडी कडी, आणि दर अर्ध्या मीटरला गाठ. "डुबुक" वाजले की थांबायचे.

जूनच्या शेवटी आम्ही पहिले पान पाठवले. त्यात मी मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "विहिरीचे पाणी 12.5 मीटर." पुढच्या आठवड्यात लिहिले, "पाऊस झाला. पाणी वाढले. 12 मीटर." कोकणातून प्रश्न आला: "साडेबाराचे बारा झाले म्हणजे पाणी कमी झाले ना? मग वाढले कसे?" आम्ही हसलो, म्हटलं यांना एवढं कळत नाही! मग लक्षात आले की त्यांना कळणार तरी कसे? आम्ही वरपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजत होतो, ते कोठेच लिहिले नव्हते. त्यांच्या विहिरी पावसाळ्यात हात घालून पाणी घ्यावे इतक्या भरतात. त्यांना वाटले, आमच्या विहिरीत साडेबारा मीटर उंच पाणी आहे.

मग प्रश्नांची रांगच लागली. वरपासून म्हणजे कठड्याच्या माथ्यापासून की जमिनीपासून? आमचा कठडा 80 सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे फरक थोडाथोडका नव्हे. भूजल सर्वेक्षणाचे लोक विहीर मोजतात तेव्हा जमिनीपासून खाली मोजतात, असे गुरुजींनी सांगितले. म्हणून आम्हीही आता कठड्यावरून मोजून 80 सेंटिमीटर वजा करतो आणि पहिले आकडेही तसेच दुरुस्त केले आहेत. दैवयोगाने पहिली दोरी सुतळीची होती, ती ताणून लांबली होती, आणि चुकीत चूक मिळून आकडे पुन्हा जवळपास तेच आले! आता नायलॉनची दोरी आहे, आणि महिन्यातून एकदा ती शिवणकामाच्या टेपला लावून पाहतो. पंप चालू होण्याआधी मोजता की नंतर, हाही प्रश्न त्यांचाच. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात तो आला नव्हता, कारण पंपाचा आवाज आम्हांला रोजचाच आहे.

आता ते दुसरे कारण सांगतो, ज्यासाठी हा लेख मी लिहायचा होता.

जुलैमधल्या एका सोमवारी मोजणीची पाळी माझी होती. त्या दिवशी वडिलांबरोबर बोकड विकायला तालुक्याच्या बाजाराला गेलो आणि शाळेत मधल्या सुट्टीनंतर पोचलो. दोरी कपाटात गेली होती. मागून घेता आली असती, पण उशीर का झाला हे सांगावे लागले असते. मागचे आकडे पाहिले: 12.5, 12, 11.5. मी मनात म्हटलं, दर आठवड्याला अर्धा मीटर चढतंय, म्हणजे आता 11. तेवढा आकडा तक्त्यात लिहिला आणि वर स्केचपेनने रंगही दिला. छान दिसत होता.

वस्तीला पाणी सोडणारे काका येता-जाता आमचा तक्ता वाचतात हे मला ठाऊक नव्हते. पावसाने दडी मारली म्हणून ते दिवसाआड पाणी सोडत होते. 11 चा आकडा पाहून त्यांना वाटले, खाली झरा लागला असेल. त्यांनी मंगळवारी आणि बुधवारीही पाणी सोडले. गुरुवारी सकाळी पंपाने हवा ओढली. दोन दिवस नळ कोरडे. बायका लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर गेल्या. आमची आई चार खेपा करून आली आणि काही न बोलता ओट्यावर बसली. नळावर सगळ्याजणी काकांना बोलत होत्या. काका एवढेच म्हणाले, "शाळेच्या भिंतीवर लिवलं होतं, म्हणून सोडलं." त्यावर कोणीतरी म्हणाले, "आता पोरांच्या अंगावर ढकला!"

मी तेथेच कळशी धरून उभा होतो. मी बोललो नाही.

शनिवारी कोकणातून पान आले. त्यात लिहिले होते: "तुमच्या पानावर मुलींच्या गटाने त्या आठवड्याचा पाऊस शून्य लिहिला आहे. पंप चालू होता असेही लिहिले आहे. मग पाणी अर्धा मीटर वर कसे आले?" मी उत्तर लिहिले, "आमच्या विहिरीला झरा आहे." बुधवारी उलट टपाली प्रश्न: "झरा कोणत्या बाजूला आहे? चित्र काढून पाठवा."

झरा असता तर चित्र काढले असते. मी वही घेऊन बाईंबरोबर विहिरीवर गेलो, जाळीतून चारी बाजूंनी पाहिले. पश्चिमेच्या अंगाला दगड ओलसर होता, तेवढेच. परत येताना पाचवीची एक मुलगी म्हणाली, "दादा, आमच्या वहीत 12.7 आहे." त्याच सोमवारी मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुली सराव म्हणून बाईंबरोबर मोजायला गेल्या होत्या. पाचवीचा आकडा आम्ही भिंतीवर लावत नसू. त्यांना लहान समजत असू.

मग मी गुरुजींना सांगितले. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "खडू घे. हिशोब कर." तो हिशोब असा. विहिरीची त्रिज्या 3 मीटर. 3.14 गुणिले 3 गुणिले 3, म्हणजे क्षेत्रफळ 28.26 चौरस मीटर. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 लिटर. म्हणून एक मीटर पाणी म्हणजे 28,260 लिटर. खरा आकडा 12.7 आणि माझा 11, फरक 1.7 मीटर. म्हणजे मी कागदावर 48,042 लिटर पाणी जास्त दाखवले होते. नळयोजनेत माणशी रोज 55 लिटर धरतात, त्या हिशोबाने ते सुमारे 873 माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. आमच्या वस्तीवर 400 माणसे आहेत. त्यांना दोन दिवस पुरेल एवढे पाणी मी स्केचपेनने तयार केले होते. पंपाचे तोंड 13.5 मीटरवर आहे. म्हणजे खरे पाणी त्याच्यावर फक्त 80 सेंटिमीटर होते, 22,608 लिटर, वस्तीला एक दिवस पुरेल इतके. काकांनी दोन दिवस सोडले, झिरपून येणाऱ्या पाण्यामुळे ते कसेबसे निभावले, आणि तिसऱ्या दिवशी हवा आली. हिशोब अगदी जुळला. आजवर माझे एकही गणित इतके जुळले नव्हते.

खोटे पान फाडून टाकू का, असे मी विचारले. गुरुजी नाही म्हणाले. ते पान तसेच ठेवून शेजारी दुरुस्तीचा कागद लावायचा, असे ठरले. पालकहो, तो कागद तक्त्याच्या डावीकडे अजून आहे, अक्षर माझेच आहे. कोकणच्या मुलांना मी माझ्या आवाजात सांगून पाठवले की झरा नाही, मी मोजलेच नव्हते. रेकॉर्ड करताना त्या दिवशी शेळीसुद्धा ओरडली नाही. त्यांचे उत्तर आले, "आमच्यातल्या एकानेही एकदा पाऊस अंदाजे लिहिला होता. आम्ही आता दोघे मिळून मोजतो." त्यांनी तो आधी का सांगितला नाही, याचा मला थोडा रागही आला.

काकांकडे जायला मला तीन दिवस लागले. ते टाकीजवळ व्हॉल्व्ह आवळत होते. मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "बायकांना तू सांगशील का मी सांगू?" मी म्हटलं, "मी सांगतो." सांगितले. आईने रात्री जेवताना विचारले, "बोकडाचं निमित्त तरी गुरुजींना सांगितलंस का?" सांगितले होते. वडील खाली बघून जेवत होते.

आता मोजणीला सोमवारी दोघे सातवीचे आणि दोघे पाचवीचे जातात. दोन्ही आकडे लिहितात, आणि वेगळे आले तर परत मोजतात. काकाही येतात. पंप ते मोजणी झाल्यावरच चालू करतात.

आबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी एवढेच लिहू शकतो. खोटा आकडा मी गावात कोणालाही पचवला असता. भिंत रोजच्याच माणसांनी वाचली आणि विश्वास ठेवला. ज्यांनी आमची विहीर कधी पाहिली नाही, त्यांनाच तो पचला नाही, आणि त्यांच्यापर्यंत पान त्या मोबाईलनेच गेले. टपालाने गेले असते तरी चालले असते. तोपर्यंत श्रावण संपला असता.

कोकणातून नवा प्रश्न आला आहे. त्यांच्या गावातल्या समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी हिवाळ्यात गोड असते आणि मे महिन्यात मचूळ होते. गोड्या पाण्याचा उपसा वाढला आणि पातळी खाली गेली की समुद्राचे खारे पाणी जमिनीतून आत सरकते, असे त्यांनी आकृती काढून लिहिले आहे. आकृती खाली चिकटवली आहे. त्यांनी विचारले आहे की तुमच्याकडे समुद्र नाही, तरी उन्हाळ्यात कोणाच्या विहिरीच्या पाण्याची चव बदलते का? कोणती विहीर, कोणता महिना आणि चव कशी, हे पालकांपैकी ज्यांना ठाऊक असेल त्यांनी खालच्या कोऱ्या कागदावर लिहावे. पेन्सिल दोरीने बांधली आहे. शुक्रवारपर्यंत लिहावे, शनिवारी पाठवायचे आहे. ऐकीव असेल तर "ऐकीव" असे लिहावे.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी